फुटलेली काच आणि विम्याचा हिशेब

ऊस तोडणीला वेग आला की वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याकडचे रस्ते भरून वाहू लागतात. उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या, मुरूम आणि खडी नेणारे हायवा, हळदीची पोती घेऊन वसमतच्या बाजारपेठेकडे निघालेले टेम्पो, आणि या सगळ्यांच्या मागे अडकलेल्या मोटारी. पुढच्या हायवाच्या चाकांत रुतलेला एखादा खडा वेगात सुटतो आणि मागच्या गाडीच्या काचेवर ‘टक्’ असा आवाज होतो. डाग मुगाच्या दाण्याएवढा असतो. गाडीवाला तो बोटाने चाचपतो आणि पुढे निघतो. उन्हाळा लागल्यावर दुपारी तापलेल्या काचेला आतून एसीचा गार झोत बसतो आणि त्या डागातून एक रेघ निघून थेट कडेपर्यंत जाते. मग गाडीवाला एजंटला फोन करतो : काच विम्यात बसते का?

याचे सरळ उत्तर ‘बसते’ असे आहे. मात्र पैसे हातात किती पडतात आणि त्यासाठी पुढची पाच वर्षे किती मोजावे लागतात, हे पॉलिसी विकताना फारसे कोणी समजावून सांगत नाही. काचेच्या विम्याची खरी गोम याच हिशेबात आहे.

सुरुवात अगदी मुळापासून करावी लागते, कारण कागदावर विमा असलेल्या कितीतरी गाड्यांच्या काचेला विमाच नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने सक्तीचा केलेला विमा म्हणजे ‘थर्ड पार्टी’. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल, त्यापुरताच तो असतो. रस्त्यावर पोलिसांनी अडवले तर हा कागद पुरतो. तो नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड आहे. पण आपली स्वतःची काच फुटली, तर त्या कागदाचा उपयोग शून्य. त्यासाठी ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो. गावाकडे याला ‘फुल विमा’ म्हणतात.

नव्या गाडीवाल्यांची फसगत इथेच जास्त होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. शोरूममध्ये मिळणाऱ्या पॉलिसीत त्याला जोडलेला ओन डॅमेजचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. कागदावर तीन वर्षांपुढची तारीख दिसते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. दुसऱ्या वर्षी काच फुटते, तेव्हा गाडीचा ‘फुल विमा’ केव्हाच संपलेला असतो. खरे तर १ सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेजची पॉलिसी स्वतंत्रपणे, वेगळ्या कंपनीकडूनही घेता येते. पॉलिसीवर दोन तारखा असतात आणि त्या दोन्ही वाचायला हव्यात.

ओन डॅमेजमध्ये कोणकोणत्या संकटांचा समावेश होतो, त्याची यादी चांगली लांब आहे. अपघात, आग, वीज, चोरी, दंगल आणि संप, कोणी मुद्दाम केलेले नुकसान, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड. कुरुंद्याच्या माणसाला ही यादी पुस्तकी वाटणार नाही. जुलै २०२२ मध्ये एका रात्रीच्या मुसळधार पावसाने गावात पाणी घुसले आणि शेकडो घरे वेढली गेली. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर सारा मराठवाडा विसरलेला नाही. आंदोलनात भिरकावलेला दगड असो, गार असो की टिप्परमधून उडालेला खडा, काचेच्या बाबतीत विम्याच्या दृष्टीने हे सगळे सारखेच. फरक पडतो तो पुराव्यात. दंगलीतल्या नुकसानीला पोलिसांत नोंद लागते. नुसता खडा लागून काच तडकली, तर सहसा लागत नाही.

आता पैशांकडे येऊ. विमा कंपनी जुन्या सुट्या भागाच्या जागी नवा भाग बसवताना घसारा कापते. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये घातलेले हे दर आजही पॉलिसीच्या मजकुरात तसेच आहेत. रबर, प्लास्टिक, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. फायबरवर ३० टक्के. लोखंडी भागांवर गाडीच्या वयानुसार, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. आणि काचेवर? काहीही नाही. गाडी नऊ वर्षांची असली तरी काचेची पूर्ण किंमत हिशेबात धरली जाते. घसाऱ्याच्या बाबतीत अख्ख्या गाडीत काचेइतका उदार वागवलेला दुसरा भाग सापडणे अवघड.

ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, उलट काचेची भीती घालून ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापण्याचे जोडकलम, गळ्यात मारले जाते. झिरो डेप वाईट नाही. बंपर किंवा दरवाजा गेला तर त्याचा खरा उपयोग होतो. पण काचेसाठी म्हणून ते घेणे व्यर्थ आहे. एक उदाहरण मांडू. लहान हॅचबॅकच्या काचेचे बिल असे धरू : काच ६,५०० रुपये, भोवतीची रबर पट्टी ८०० आणि बसवण्याची मजुरी १,२००, एकूण ८,५००. साध्या फुल विम्यात काच पूर्ण, मजुरी पूर्ण आणि रबर निम्मे, म्हणजे ८,१०० रुपये मान्य होतात. झिरो डेप असते, तर फक्त रबराचे ४०० रुपये वाढले असते. काच चिकटवण्याचा गोंद, क्लिपा वगैरे ‘कन्झ्युमेबल’ म्हणून काही कंपन्या वेगळे कापतात. त्यासाठीही निराळे जोडकलम विकले जाते.

मान्य रकमेतून पुढे अनिवार्य वजावट जाते. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला ती प्रत्येक दाव्यामागे १ हजार रुपये आहे आणि त्यावरच्या मोटारीला २ हजार. वरच्या उदाहरणात हातात ७,१०० रुपये येतील. मात्र मोबाईलवर पॉलिसी घेताना हप्ता कमी दिसावा म्हणून ज्यांनी ‘ऐच्छिक वजावटी’चा पर्याय निवडला, त्यांची गोष्ट वेगळी. ५ हजारांची ऐच्छिक वजावट स्वीकारली असेल, तर ती अनिवार्य वजावटीच्या वर मोजली जाते आणि ७,१०० चे २,१०० होतात. लहान गाडीच्या मालकाने ऐच्छिक वजावट घेणे म्हणजे काचेचा विमा जवळजवळ सोडून देणे होय.

तरीही इथवरचे चित्र बरे आहे. ते बिघडते नूतनीकरणाच्या दिवशी.

दावा न केलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेजच्या हप्त्यावर सूट मिळते, तिलाच नो क्लेम बोनस म्हणतात. पहिल्या निर्धोक वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. एक दावा झाला की ही शिडी पुन्हा शून्यापासून. दावा ७ हजारांच्या काचेचा आहे की ७ लाखांच्या अपघाताचा, हे ती बघत नाही. चूक कोणाची, हेही बघत नाही. पुढच्या टिप्परमधून खडा उडाला यात मागच्या चालकाचा काय दोष? पण शिडीवरून खाली तोच येतो.

याची किंमत कागदावर मांडता येते. ज्याला ५० टक्के सूट आहे त्याने दावा केला, तर पुढच्या पाच वर्षांत त्याची सूट ०, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के अशी चढत जाते. दावा केला नसता, तर पाचही वर्षे ५० टक्केच राहिली असती. दरवर्षीचा फरक ५०, ३०, २५, १५ आणि ५; बेरीज १२५ टक्के. म्हणजे एका वर्षाच्या पूर्ण, सूट वगळून काढलेल्या ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापट रक्कम तो पाच वर्षांत गमावतो. वरच्या हॅचबॅकचा पूर्ण हप्ता ६ हजार धरला, तर हा तोटा ७,५०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८,८५०. गाडीची किंमत उतरत जाते तसा हप्ताही थोडा कमी होतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा खाली येईल. पण ७,१०० रुपये मिळवण्यासाठी केलेला दावा या गाडीवाल्याला फायद्याचा ठरण्याची शक्यता कमीच.

उलट ज्याची गाडी पहिल्याच वर्षात आहे, ज्याने अजून सूट कमावलीच नाही, त्याचा तोटा याच पद्धतीने मोजला तर पूर्ण हप्त्याच्या ५० टक्के भरतो. त्याने दावा जरूर करावा. तसेच काचेच्या वरच्या बाजूला कॅमेरा असलेल्या नव्या एसयूव्हीच्या मालकानेही. महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत हा कॅमेरा रस्त्याच्या पट्ट्या आणि पुढची वाहने ओळखतो. काच बदलली की त्याचे कॅलिब्रेशन नव्याने करावे लागते आणि बिल काही हजारांवरून काही दहा हजारांवर जाते. तिथे सूट गेली तरी दावाच परवडतो. कॅलिब्रेशनचा खर्च मंजूर आहे ना, हे मात्र काम सुरू होण्यापूर्वी कंपनीकडून लिहून घ्यावे.

काही कंपन्या नो क्लेम बोनस वाचवणारे जोडकलम देतात. त्यात ठरावीक दाव्यांपर्यंत, आणि काहींत निव्वळ काचेच्या दाव्याला, सूट शाबूत राहते. ज्याची सूट ४५-५० टक्क्यांवर पोचली आहे आणि ज्याची गाडी खडीच्या रस्त्यांवर रोज धावते, त्याला झिरो डेपपेक्षा हे कलम अधिक उपयोगी आहे. कंपनी बदलून जुना दावा लपवण्याच्या फंदात मात्र पडू नये. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि खोटी सूट घेतल्याचे निघाले, तर ओन डॅमेजचा दावाच नाकारला जातो.

आता सगळ्यात चुकीच्या जागी बसलेल्या कलमाकडे. काचेवरचा ताजा टिचका दुरुस्त होतो. त्यातली हवा काढून आत पातळ राळ भरतात आणि अतिनील प्रकाशाने ती घट्ट करतात. काम अर्ध्या तासाचे. टिचका साधारण दोन रुपयांच्या नाण्याहून लहान असावा, काचेच्या कडेपासून दूर असावा आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसावा. या कामाला येणारा खर्च अनिवार्य वजावटीच्या आसपासच असतो. परिणाम असा की हजाराच्या दुरुस्तीला विमा एक रुपयाही देत नाही, आणि तीच काच कडेपर्यंत तडकली की ७ हजार द्यायला तयार होतो. आधीच उपाय केला तर मालकाचा खिसा रिकामा, दुर्लक्ष केले तर कंपनीचा. यात कोणाचाच फायदा नाही.

पॉलिसीत आणखी एक अट आहे. नुकसान झाल्यावर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढले, तर वाढीव भागाची जबाबदारी मालकाची. टिचक्याची रेघ होणे हे नेमके या अटीत बसते. एकीकडे दुरुस्तीला पैसे नाहीत आणि दुसरीकडे दुरुस्ती केली नाही म्हणून जबाबदारी, हा अन्याय आहे आणि तो स्पष्टपणे तसाच म्हटला पाहिजे.

कारण समोरची काच ही शोभेची वस्तू नाही. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत १९०३ मध्ये एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. त्यातून निघालेल्या कल्पनेचे पेटंट त्याने १९०९ मध्ये घेतले. आजच्या काचेत दोन पातळ तावांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पडदा असतो. म्हणून ती तडकते, पण तुकडे डोळ्यांत उडत नाहीत. बाजूच्या आणि बहुतेक गाड्यांच्या मागच्या काचा वेगळ्या, तापवून कडक केलेल्या. त्या फुटल्या की त्यांचे बारीक खडे होतात आणि त्यांची दुरुस्ती होत नाही. गाडी उलटली तर छप्पर तोलायला समोरची काच मदत करते आणि शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना बऱ्याच गाड्यांत तिचाच टेकू घेते. हे काम काच नीट चिकटवलेली असेल तरच होते. घाईत, स्वस्त गोंदाने बसवलेली आणि तासाभरात रस्त्यावर काढलेली काच अपघातात जागेवर राहीलच असे नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सुरक्षा काच सक्तीची करतो आणि समोरच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जावा असे सांगतो. काच बदलताना तिच्या कोपऱ्यातला आयएसआय शिक्का बघावा; लागू असलेले मानक आयएस २५५३ आहे. चांगली काच दुर्मीळ नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणजवळच्या कुरुळीत सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना आहे, तर असाही इंडिया देशभर काचा पुरवते. तरी खेड्यातल्या गॅरेजात शिक्का नसलेली काच स्वस्तात खपते, आणि तिच्या मागे बहुधा वर सांगितलेला हिशेबच असतो : दावा परवडत नाही, मग खिशातून जाणारे पैसे तरी कमी जावेत.

दावे नाकारले जातात ते मात्र बहुधा काचेमुळे नव्हे, कागदांमुळे. मराठवाड्यात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री मोठी. गाडी नांदेडच्या बाजारातून घेतली, आरसी बुक नावावर झाले, विमा जुन्याच मालकाच्या नावाने चालू राहिला. कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातो. ओन डॅमेज जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने कंप्लीट इन्सुलेशन्सच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावे. जुन्या मालकाची नो क्लेम सूटही त्याला मिळत नाही, कारण ती सूट माणसाची असते, गाडीची नव्हे.

दुसरा प्रश्न भाड्याचा. लग्नसराईत खासगी नंबरची गाडी भाड्याने जाते आणि वाटेत काच फुटते. खासगी वापराच्या पॉलिसीत हा अटीचा भंग ठरतो. अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा भंगासाठी दावा सरसकट फेटाळण्याऐवजी तडजोडीच्या तत्त्वावर काही रक्कम देण्याची भूमिका घेतली. पण सात-आठ हजारांसाठी त्या निकालाचा आधार घेत भांडत बसणे कोणाला परवडते?

पॉलिसी संपून काही दिवस गेले असतील, तर कंपनी गाडीची पाहणी करूनच नवी पॉलिसी देते आणि त्या वेळी काचेवर दिसलेला तडा विम्यातून वगळला जातो. खंड ९० दिवसांहून जास्त पडला, तर साठवलेली सूटही जाते.

दावा करायचे ठरले, तर काच काढण्यापूर्वी कंपनीला कळवावे आणि तड्याचे, नंबर प्लेटचे, मीटरचे फोटो जागेवरच घ्यावेत. लहान दावे हल्ली फोटो-व्हिडिओवरच मिटतात. अडचण कॅशलेसची. ती सोय कंपनीशी करार असलेल्या गॅरेजातच मिळते, आणि अशी गॅरेजे मोठ्या शहरांत एकवटलेली. गावाजवळ काम करून घेतले, तर आधी पदरचे पैसे भरायचे आणि जीएसटी असलेले पक्के बिल देऊन परत मागायचे. जिथे गॅरेजवाला चिठ्ठीवर बिल लिहून देतो, तिथे ही अट दावा मोडून टाकते.

कंपनी दाद देत नसेल तर मार्ग आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कागद कमी आहेत एवढ्याच कारणावर दावा नाकारता येत नाही. सर्व्हेअर लागणार असेल, तर तो २४ तासांत नेमायचा आणि त्याचा अहवाल आल्यावर सात दिवसांत निर्णय द्यायचा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा संकेतस्थळावर. त्यानंतर विमा लोकपाल. हिंगोली जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे आणि तिथे फी लागत नाही. ग्राहक आयोगाचा दरवाजाही आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथेही शुल्क नाही.

इतर देशांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. अमेरिकेत फ्लोरिडा, केंटकी आणि साउथ कॅरोलिना या राज्यांत व्यापक विमा असलेल्याकडून समोरच्या काचेसाठी वजावट घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. फ्लोरिडात त्याचा गैरवापरही झाला. काचवाले ग्राहकांकडून दाव्याचे हक्क लिहून घेऊन कंपन्यांवर खटल्यांचा पाऊस पाडू लागले, तेव्हा २०२३ मध्ये ती वाट बंद करावी लागली. अमेरिकेतल्या अनेक कंपन्या टिचका दुरुस्तीला वजावट माफ करतात, तर ब्रिटनमध्ये काचेच्या दाव्याने बहुधा नो क्लेम सूट जात नाही. दुरुस्ती स्वस्त ठेवली की मोठा खर्च टळतो, हे त्या कंपन्यांनी आपल्या नफ्याच्या हिशेबातूनच ओळखले आहे.

भारतातही यासाठी नवा कायदा लागत नाही. ओन डॅमेजच्या हप्त्यावरचे सरकारी नियंत्रण १ जानेवारी २००७ लाच उठले आहे आणि जोडकलमे कंपन्या आपापल्या मर्जीने आणतातच. विमा नियामकाने दोन गोष्टी प्रत्येक ओन डॅमेज पॉलिसीत मूळ अट म्हणून घालाव्यात : टिचका दुरुस्तीला वजावट नसावी, आणि निव्वळ समोरच्या काचेच्या एका दाव्याने नो क्लेम सूट जाऊ नये. तोवर वाचकांनी आपली पॉलिसी काढून तीन आकडे बघून ठेवावेत : ओन डॅमेज संपण्याची तारीख, ऐच्छिक वजावट आणि चालू नो क्लेम सूट. आणि काचेवर मुगाएवढा डाग पडलेला असेल, तर उन्हाळ्यापूर्वी तो स्वखर्चाने भरून घ्यावा.